उ: जुन्या पिकअपला जड मागचा अ‍ॅक्सल

दादा, "भंगारातलं जड हाउसिंग आणा, यू-बोल्ट कसा, झालं काम" असं वर एकाने लिहिलंय, पण जुन्या पिकअपला जड मागचा अ‍ॅक्सल बसवणं तेवढं सोपं नाही. (हाउसिंग म्हणजे अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच.) इंदुरात देवास नाक्याकडे एका मिस्त्रीकडून मी हे करून घेतलंय, म्हणून बोलतोय.

घेण्याआधी हाउसिंगवर पट्टे (लीफ स्प्रिंग) जिथे टेकतात त्या दोन बैठकींमधलं अंतर मोजा. ते आपल्या गाडीशी जमत नसेल तर बैठक कापून नव्याने वेल्ड करावी लागते, आणि तेव्हाच पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरचा) कोन बघायचा. आमच्या मिस्त्रीने तो अंदाजाने धरला. भेरूघाट चढताना गाडी अशी थरथरायची की काकू म्हणाल्या, मी बसने येते! शेवटी कोन सुधारला तेव्हा थांबली.

मग दात मोजा. क्राउनला (पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरला) ४१ आणि पिनियनला ११ म्हणजे रेशो ३.७३, पिनियन १० दातांचं असेल तर ४.१. दुसऱ्यात ओढ वाढते, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे १० टक्के जास्त फिरतं. फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही तोच हवा.

फुल फ्लोटिंग प्रकारचा अ‍ॅक्सल मिळाला तर घ्याच. त्यात गाडीचं वजन हाउसिंगवर येतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्टवर दोन्ही भार.

ब्रेक, हँडब्रेकची केबल वगैरे जुळवावं लागतंच. पण अ‍ॅक्सल जड झाला म्हणून आरसीवरची वजनमर्यादा वाढत नाही, आणि चेसिस, पट्टे जुनेच आहेत. बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

तुमच्या गाडीत सध्या दात किती आहेत?