पाळत की टेहळणी? आणि ‘प्रायव्हसी’ला काय म्हणावं?

प्रश्न : सरकारी यंत्रणा नागरिकांचे फोन, मेल, प्रवासाच्या नोंदी गोळा करतात त्याबद्दलचा एक लेख अनुवादासाठी हाती आहे. ‘सर्व्हेलन्स’साठी पाळत, टेहळणी, निगराणी, हेरगिरी यांपैकी काय घ्यावं? ‘प्रायव्हसी’ला ‘गोपनीयता’ चालेल ना? बातम्यांत तोच शब्द असतो.

– निगराणी नको. रुग्णाला निगराणीखाली ठेवतात, त्यात काळजी आहे. सरकारी पत्रकाला हा शब्द फार आवडेल, म्हणूनच टाळा. हेरगिरी आरोप करताना ठीक. सरळ पाळत घ्या की.

– पाळत माणसावर असते. आधी संशय, मग पाळत. खडकसिंग खटला आठवा. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला माणूस, तरी उत्तर प्रदेश पोलिसांच्या नोंदवहीत त्याचं नाव राहिलं आणि अपरात्री घरी येऊन त्याला उठवणं चालू झालं. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या रात्रीच्या भेटी रद्द केल्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं मात्र तेव्हा मानलं नाही. ही अस्सल पाळत. २०१३मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं उघड केलं ते वेगळं होतं. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याच्या कोट्यवधी अमेरिकनांच्या नोंदी त्यांची राष्ट्रीय सुरक्षा संस्था रोज घेत होती, आणि त्यातल्या बहुतेकांवर कसलाच संशय नव्हता. याला टेहळणी जास्त जवळचा. बुरुजावरचा पहारेकरी कुणा एकाला शोधत नसतो, दिसेल ते सगळं टिपतो. फरक एवढाच की बुरुजाचं तोंड बाहेर असतं. इथे ते आतल्या वस्तीकडे फिरवलं आहे.

– टेहळणी फार लष्करी वाटते हो. वाचकाला किल्लाच दिसेल. ‘सरसकट पाळत’ म्हटलं तर?

– चालेल, पण ‘सरसकट’ एकदाही गाळू नका. अमेरिकेत २०१५च्या कायद्यानं बंद झालं ते या नोंदींचं सरसकट संकलन. एखाद्या संशयितावर न्यायालयाच्या परवानगीनं लक्ष ठेवणं तिथे आजही कायदेशीर आहे. विशेषण गळालं तर सरकारनं पाळतच सोडून दिली असा अर्थ होईल.

आता गोपनीयता. माझा या शब्दावर राग आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, म्हणजे ती राज्यकारभाराची गोष्ट. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. नागरिकाच्या हक्काला हाच शब्द लावला की पुढचं वाक्य आपोआप येतं, ‘लपवण्यासारखं काही नाही, तर घाबरता कशाला?’ मतदान गुप्त असतं ते मतदार गुन्हेगार असतो म्हणून नव्हे. कोणी दबाव आणू नये म्हणून. खासगीपणाचंही तसंच आहे. कोणत्या डॉक्टरकडे गेलो, कोणत्या वकिलाला फोन केला, कोणत्या सभेला बसलो, यात लपवाछपवी नाही. पण हे कुठेतरी नोंदलं जातंय असं कळलं की सभेला जाणारा दोनदा विचार करतो.

म्हणून ‘खासगीपणा’. गंमत अशी की मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे राज्यकर्त्याच्या घरची मिळकत नि तिचा कारभार, दौलतीच्या हिशेबापासून वेगळा. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. तो शब्द सामान्य माणसापर्यंत उतरला हे चांगलंच झालं. आणि २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, खडकसिंग निकालातला तो भाग मोडीत काढून.

– ‘एकांत’?

– एकांत एकट्याचा. दोघांच्या फोनवरच्या बोलण्यात एकांत कुठला, पण ते खासगी आहेच.

प्रश्नकर्ती : खासगीपणा पक्का. ‘सरसकट पाळत’ घेते, टेहळणी एकदा शीर्षकात वापरीन. ‘मेटाडेटा’चं काय? ‘नुसता मेटाडेटा घेतो, संभाषण नाही’ असं सरकारी समर्थन लेखात आहे.

– मेटाडेटाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘संभाषणाभोवतीच्या नोंदी’ अशी फोड करा. आणि तो ‘नुसता’ अवतरणात असू द्या. अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख मायकेल हेडन २०१४मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की, मेटाडेटाच्या आधारावर आम्ही माणसं मारतो.