कापडाची उलट बाजू पाहू देणारे संग्रहालय कोठे आहे? (लंडनभेटीसाठी मार्गदर्शन हवे)

ग्राफवाली, सोलापूर

नमस्कार मंडळी,

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातील चादर कारखान्यांसाठी डिझाइन काढत असत. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर, कोयरी, वेली उतरवायच्या, मग त्या ग्राफवरून जेकार्डची (छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणवणाऱ्या मागावरील यंत्रणेची) कार्डे पंच करून घ्यायची आणि पहिली चादर मागावरून उतरेपर्यंत मागाजवळ उभे राहायचे, असे त्यांचे अडतीस वर्षांचे काम. ते ज्या कारखान्यात सर्वांत जास्त काळ होते तो बंद झाला, तेव्हा कार्डांचे गठ्ठे रद्दीच्या भावाने गेले. ग्राफ मात्र काही थोडे घरी उरले आहेत.

धाकटी बहीण लंडनला नोकरी करते. सप्टेंबरात वडिलांना घेऊन मी तिच्याकडे बारा दिवसांसाठी जाणार आहे. इतर ठिकाणांबद्दल त्यांना फारसे कुतूहल नाही, पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतातले कापड खूप आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते आणि तेवढे मात्र त्यांना पाहायचेच आहे. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक चालणे होणार नाही. दोन दिवस हाताशी धरले, तर काय पाहावे आणि काय मनावर दगड ठेवून सोडावे?

आणखी एक प्रश्न आहे, आणि खरे तर तोच मुख्य आहे. कोणतेही कापड हातात आले की वडील आधी ते उलटे करतात. लग्नात आहेर आलेली साडीसुद्धा त्यांनी प्रथम मागूनच पाहिलेली असते. विणणाऱ्याने काय केले ते पाठीमागेच कळते, असे ते म्हणतात. संग्रहालयात कापड काचेमागे असणार आणि दिसणार फक्त समोरची बाजू. उलट बाजू पाहू देणारी काही सोय तेथे आहे का?

जाताना मुंबईत सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ मिळणार आहे. तेथेही काही पाहण्यासारखे असल्यास सांगावे.

उभाआडवा

ताई, मी वस्त्रनिर्मितीच्या क्षेत्रात आहे आणि त्या संग्रहालयात अनेकदा गेलो आहे. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याची तयारी येथूनच करून निघावी लागेल, म्हणून तेच आधी सांगतो.

मे २०२५ मध्ये पूर्व लंडनमधील क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्कमध्ये या संग्रहालयाचे ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस’ सुरू झाले. हे संग्रहालयाचे कोठारच आहे आणि तेथे अडीच लाखांवर वस्तू आहेत. फरक एवढाच की हे कोठार लोकांसाठी उघडे आहे. संकेतस्थळावरील संग्रहसूचीतून आपण पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, किमान दोन आठवडे आधी वेळ ठरवायची, म्हणजे त्या दिवशी कर्मचारी त्या वस्तू टेबलावर मांडून दाखवतात. त्यासाठी शुल्क नाही. मागणी नोंदवतानाच कापडाची पाठ पाहायची आहे असे स्पष्ट लिहावे, कारण नाजूक कापड उलटण्यासाठी त्यांनाही पूर्वतयारी करावी लागते. आपल्या वडिलांसाठी मी पहिला दिवस येथेच घालवला असता.

काय मागवावे, तर शाली. एक काश्मिरी कानी शाल आणि एक एकोणिसाव्या शतकात युरोपात जेकार्डवर विणलेली तिची नक्कल, या दोन्ही शेजारी शेजारी पाहाव्यात. समोरून दोन्ही सारख्याच भासतील, पण उलटल्यावर सगळा उलगडा होतो. कानी शालीत आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. रंग जेथे हवा तेवढ्याच जागेत लहानशा लाकडी कांडीने तो फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून मागे वळतो. जेकार्डच्या शालीत प्रत्येक रंगाचा धागा पूर्ण रुंदीभर धावतो, नक्षीत लागत नाही तेथे पाठीवर मोकळा लोंबतो आणि शेवटी ते लोंबते धागे कापून काढलेले असतात. ती कापलेली, किंचित केसाळ पाठ पाहिल्यावर आपल्या वडिलांना कोणी काही समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. काश्मीरचे विणकर नक्षी चित्रावरून विणत नाहीत, तर ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीवरून विणतात, ज्यात कोणता रंग किती धाग्यांवर न्यायचा एवढेच लिहिलेले असते. वडिलांचा ग्राफ आणि ती तालीम ही एकाच कुळातली म्हणावी लागतील.

दुसरा दिवस साउथ केन्सिंग्टनच्या मुख्य इमारतीत. तेथे प्रवेश विनामूल्य आहे आणि चाकांची खुर्ची मागता येते. ती संकोच न करता घ्यावी, कारण इमारत अवाढव्य आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर कारागिरांना आणि कारखानदारांना उत्तम नमुने पाहायला मिळावेत, या हेतूने १८५२ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. म्हणजे आपले वडील ज्या वर्गातले आहेत, त्या वर्गासाठीच ते मुळात उभे राहिले.

बहुतेक लोक प्रथम टिपू सुलतानाच्या लाकडी यांत्रिक वाघाकडे धावतात. तो पाहावा, पण दहा मिनिटे पुरेत. वडिलांना मी राफाएलच्या दालनात नेईन. पोप दहावे लिओ यांनी १५१५ मध्ये सिस्टाइन चॅपेलच्या भिंतींवर लावायच्या विणीव पडद्यांसाठी राफाएलकडून नमुन्याची चित्रे करून घेतली. त्यांपैकी सात आज उरली आहेत, इंग्लंडच्या राजघराण्याने उसनी दिलेली ती १८६५ पासून येथे मांडलेली आहेत, आणि प्रत्येक तीन मीटरहून उंच आहे. प्रवाशांना ती केवळ महान चित्रे वाटतात, पण तो विणकरांना दिलेला ग्राफच आहे. कागदाचे अनेक तुकडे चिकटवून केलेल्या या चित्रांच्या ब्रुसेल्सच्या विणकरांनी उभ्या पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी मागाखाली धरून विणकाम केले. बाह्यरेषांवर टोचलेली बारीक छिद्रेही आहेत, नक्कल उतरवून घेण्यासाठी केलेली. जवळ जाऊन तिरक्या उजेडात पाहिल्यास पट्ट्यांचे सांधे ओळखता येतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पडदे पाठीकडून विणले जात, त्यामुळे राफाएलला सगळे प्रसंग उलटे, डावे ते उजवे करून रंगवावे लागले. व्हॅटिकनमधील प्रत्यक्ष पडद्यांवर तेच प्रसंग सुलट दिसतात. आयुष्यभर कापडाच्या पाठीचा विचार करणाऱ्या माणसाने त्या दालनात बाकावर निवांत अर्धा तास बसावे, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर इराणमधील अर्दबिलचा गालिचा. साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटरहून अधिक रुंद, ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) रेशमाचा, गाठी लोकरीच्या, आणि दर चौरस इंचात तीनशेच्या आसपास गाठी. त्यावरच हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९–४० हे वर्ष विणलेले आहे. रंग फक्त दहा आहेत, आणि ते नीळ, डाळिंबाची साल अशा नैसर्गिक द्रव्यांतून काढलेले आहेत. सांगोल्याच्या डाळिंबांच्या जिल्ह्यातून जाणाऱ्याने हे वडिलांना आवर्जून सांगावे. रंग उडू नयेत म्हणून तो अंधुक प्रकाशात ठेवतात आणि दर अर्ध्या तासाला दहा मिनिटेच उजळतात, त्यामुळे घड्याळ पाहून पोहोचावे. मधल्या चक्राच्या दोन बाजूंना दोन दिवे लोंबताना दाखवले आहेत. एक मोठा आहे, दुसरा लहान. लहान दिव्याच्या टोकाला बसणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून असे केले असावे, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते निर्दोष निर्मिती केवळ ईश्वराची, म्हणून ही हेतुपूर्वक ठेवलेली उणीव आहे. आपल्या वडिलांचे मत काय पडते ते आम्हाला अवश्य कळवा.

हा गालिचा पूर्ण दिसावा म्हणून त्याच्या जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे तुकडे काढून याला जोडले गेले, ही कृती मला कधीही पटलेली नाही. उरलेला दुसरा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, आणि त्याला काठ नाहीत.

वेळ उरल्यास जहांगीरच्या काळातील शिकारीचा अंगरखा शोधावा. पांढऱ्या सॅटिनवर रेशमाच्या साखळी टाक्याने भरलेली फुले, झाडे, हरणे, सिंह आणि मोर. दालनांची मांडणी बदलत असते, त्यामुळे कोणती वस्तू सध्या मांडलेली आहे ते निघण्याआधी संकेतस्थळावर तपासावे.

सेवानिवृत्त शिक्षक, साखर पेठ

वरील उत्तर उत्तम आहे. त्याला एक बाजू मला जोडावीशी वाटते, कारण आपण सोलापूरची माणसे आहोत आणि ती आपल्याला माहीत असली पाहिजे.

कारागिरांना नमुने दाखवायचे, या विचारातूनच १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसमधील (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्यातील) जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. त्यांत पूर्ण वस्त्रांतून कापलेले सातशे तुकडे चिकटवले होते आणि त्यांची लांबी, रुंदी, वजन आणि ठिकाण यांची नोंद केली होती. असे वीस संच निघाले. त्यांतले तेरा ब्रिटनमध्ये राहिले आणि सात भारतात आले. हिंदुस्थानातली माणसे नेमके काय नेसतात आणि पांघरतात हे ब्रिटनमधील गिरणीवाल्यांना कळावे आणि तसा माल त्यांनी बनवून येथे विकावा, हा त्यामागचा उद्देश होता. लँकेशायरमधील प्रेस्टन या सूतगिरण्यांच्या गावी हॅरिस संग्रहालयात एक संच आजही जपलेला आहे. हे खंड निघाल्यानंतर अकराच वर्षांनी, १८७७ मध्ये, आपल्या सोलापुरात जुनी मिल ही कापडगिरणी उभी राहिली. म्हणून संग्रहालयात भारतीय कापड पाहताना, ते तेथे कशासाठी नेले गेले हा प्रश्नही सोबत असावा. वस्तूचे सौंदर्य त्याने कमी होत नाही, पण पाहणे अधिक डोळस होते.

आणखी एक. जोसेफ मारी जाकार, ज्यांच्या नावाचा आपण जेकार्ड केला, त्यांचे १८३९ मध्ये लिऑन येथे रेशमात विणलेले चित्र आहे. सुमारे चोवीस हजार कार्डे वापरून ते विणले, आणि पाहणाऱ्याला ते छापील चित्रच वाटते. एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. गणनयंत्रे रचणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनीही एक प्रत मिळवली होती. चित्रात जाकार खुर्चीत बसले आहेत आणि शेजारी मागाची लहान प्रतिकृती ठेवलेली आहे. त्याचे मोठे छायाचित्र घरच्या संगणकावर वडिलांना दाखवावे. चोवीस हजार कार्डे ओळीने लावणे म्हणजे काय, हे त्यांना जितके कळेल तितके आम्हा इतरांना कळणार नाही.

राणीबागेजवळ

मुंबईचे मी सांगते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने या आणि भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा. ते स्टेशनपासून जवळ आहे. बुधवारी बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचेही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होते; १९७५ मध्ये ते बदलले. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले.

मातीच्या लहान आकृतींतून दाखवलेले वेगवेगळे व्यवसाय आणि पेहराव, बिदरीकाम (काळ्या धातूवर चांदी जडवण्याचे काम), मुंबईच्या कलाशाळेतील मातीची भांडी असा त्याचा संग्रह आहे. इमारत लहान असल्याने वडिलांना त्रास होणार नाही. आजच्या कलावंतांना या जुन्या संग्रहासमोर काम करायला बोलावण्याची त्यांची पद्धत मला फार आवडते. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी रस्त्यांची जुनी वसाहतकालीन नावे असलेल्या प्रचंड रबरी शिक्क्यांचे एक कोळिष्टक इमारतीच्या दर्शनी भागावर विणले होते, ते मी पाहिले आहे. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. तो हलवताना तुटला होता, पुढे तुकडे जोडून उभा केला.

ग्राफवाली, सोलापूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. आमच्या घरात बोलणे तेलुगूत चालते, त्यामुळे काही भाग दोनदा सांगावा लागला. राफाएलने चित्रे उलटी काढली हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की चादरीवर अक्षरे असली की त्यांनाही तसाच विचार करावा लागे, कारण आमच्या चादरीच्या दोन्ही बाजू वापरात येतात आणि एका बाजूला नाव सुलट आले तर दुसरीकडे ते उलटे होते. दिव्यांबद्दल त्यांचे मत असे आहे की लहान दिवा चुकून झालेला नाही. एवढे काम करणारा माणूस पहिल्याच वितीत चूक ओळखतो.

स्टोअरहाउसची वेळ आज नोंदवत आहे. दोन शाली निश्चित झाल्या, तिसरी वस्तू ढाक्याची मलमल, उरलेल्या दोन वडील संग्रहसूची पाहून ठरवतील.

ते स्वतःचा एक ग्राफ सोबत नेणार म्हणतात, तेथील माणसांना दाखवायला. मोराचा आहे, १९८० च्या दशकातला, पोस्टर रंगाने भरलेला. बॅगेत बसावा म्हणून त्याची चार पदरी घडी घालावी का?

उभाआडवा

घडी मुळीच घालू नये. घडीच्या रेषेवर पोस्टर रंग तडकतो आणि घरे सुटतात. रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड पुठ्ठ्याच्या रुंद नळीवर सैल गुंडाळा, वरून धुतलेले मऊ सुती कापड लावा आणि नळी हातातल्या सामानात ठेवा. त्याआधी दिवसाउजेडी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा. मागे पेन्सिलीने कार्डांचे क्रमांक लिहिलेले असतील, तर तेही त्यात स्पष्ट यायला हवेत.