कष्टकऱ्याच्या फोटोखाली त्याचे नाव असावे का?

मूळ लेखन (परभणी)
१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे निघालेली माणसांची रीघ अजून थांबलेली नाही. त्यांची छायाचित्रे प्रदर्शनांत लागतात, पण फोटोओळ बहुधा ‘बांधकाम मजूर, मुंबई’ एवढीच असते. मला हा त्या माणसावरचा अन्याय वाटतो. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन यांनी शतकापूर्वी न्यूयॉर्कच्या चाळींत कागदी-कापडी फुले करणारी स्थलांतरित कुटुंबे टिपली, तेव्हा आडनाव, मुलांची वये आणि फुलांच्या ग्रोसमागे (बारा डझनांमागे) मिळणारे पैसे लिहून ठेवले. कारखान्यातल्या मुलांची उंची ते स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजत आणि खिशातल्या हातानेच टिपणे काढत. आपल्याकडे एवढी आस्था का नसावी?

प्रतिसाद १ (बीड)
मी असहमत आहे. हाइन यांची चित्रे पत्रकांत आणि व्याख्यानांत फिरली. आजचा फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचतो. पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईने सोयऱ्यांना ‘कंपनीत आहे’ असे सांगितलेले असते, आणि मजुरीबद्दल नावानिशी बोललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी नाक्यावरून कोणी उचलत नाही. मुकादमाची उचल डोक्यावर असेल तर विचारायलाच नको. फोटो काढणारा निघून जातो, निस्तरावे लागते त्या माणसाला.

प्रतिसाद २ (लातूर)
हाइन यांच्याआधीचे न्यूयॉर्कचे पत्रकार-छायाचित्रकार जेकब रीस स्वतः डेन्मार्कहून आलेले स्थलांतरित होते. त्यांनी रात्री-अपरात्री न्यूयॉर्कच्या गरिबांच्या खोल्यांत शिरून, मॅग्नेशियमच्या भुकटीचा जाळ करून फोटो काढले. १८९०मध्ये त्यांचे पुस्तक आले, पुढे तिथली मलबेरी बेंड ही दाट वस्ती पाडली गेली आणि १८९७मध्ये तिथे उद्यान झाले. म्हणजे नावाविनाही परिणाम झाला, हे बीडकरांच्या बाजूने जाते. पण त्याच पुस्तकात चिनी, इटालियन, ज्यू अशा समाजांविषयी सरसकट हिणकस शेरे आहेत. चेहऱ्याला नाव नसले की तो सहज एखाद्या जमातीचा नमुना होऊन बसतो. ‘मराठवाड्याचे लोक असेच’ हे वाक्य शहरात आपण सगळ्यांनी ऐकले आहे, म्हणून माझा कौल मूळ लेखाला.

प्रतिसाद ३ (बीड)
मग परवानगीचे काय? तुमचे हाइन अग्निशमन निरीक्षक किंवा बायबल-विक्रेते असल्याचे भासवून गिरण्यांत शिरत.

मूळ लेखक
ती फसवणूक मालकाची होती आणि मालकाला विचारले असते तर एकही फोटो निघाला नसता. कामगाराची संमती ही वेगळी बाब आहे, तिच्यावाचून नाव छापू नये, हे मला मान्य आहे. पण नाव छापायचे नसले तरी विचारून नोंदवहीत लिहावे, फोटोची प्रत त्या घरी पोहोचवावी आणि निदान गाव तरी छापावे.

प्रतिसाद ४ (बीड)
नोंदवही मान्य, प्रतही मान्य. गाव मात्र नको. आमच्याकडच्या एखाद्या तांड्यावरून कोण कुठे कामाला गेले आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तालुका लिहा.