रेल्वेफॅन ग्रुपमध्ये राहून तुम्ही नक्की काय शिकलात?

घाटातला_बँकर
मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे. परवा जेवताना बायको म्हणाली, सहा वर्षं झाली तू त्या रेल्वेवेड्यांच्यात पडीक असतोस, त्यातून मिळालं काय तुला? भांडणाच्या सुरात नाही हां, खरंच विचारत होती, आणि मला धड काही सांगताच आलं नाही. म्हटलं डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ या इंजिनांमधला फरक लांबून कळतो. ती म्हणाली बरं, अजून? आणि भाजी वाढायला लागली.

मग रात्री पडल्या पडल्या विचार करत बसलो. मी पुण्याचा, मुंबईला लहानपणापासून शेकडो वेळा गेलोय आलोय, आणि परत येताना कर्जतला गाडी थांबते म्हणजे वडा खायला थांबते अशीच माझी समजूत होती, खोटं कशाला बोलू. ग्रुपवर आल्यावर कळलं की पुढे बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढलेली असते, आणि तेवढ्यासाठी मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात, ती लोणावळ्याला परत काढतात. आता मी कर्जतला वडा घेऊन शेवटच्या डब्याकडे जातो. इंजिन अगदी गोगलगायीसारखं सरकत येतं, कपलरला (डबे जोडायचा आकडा) कपलर टेकतो आणि सगळ्या डब्याला एक बारकासा धक्का बसतो, कुणाच्या तरी हातातला चहा हिंदकळतो, आणि अख्ख्या डब्यात तो धक्का कशाचा हे मला एकट्याला माहीत असतं. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली छान, म्हणजे चहा सांडण्याचं कारण कळलं :)

तर सांगा, तुम्हाला काय मिळालं? पुढच्या वेळी जेवताना उत्तर तयार पाहिजे.

मिरजेचा_तीनगेजी
मस्त प्रश्न. माझं पहिलं शिक्षण म्हणजे इंजिनांच्या नावातली अक्षरं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), वाय मीटरगेज, झेड नॅरोगेज, मग डी डिझेल, ए म्हणजे एसी वीज, सी म्हणजे डीसी, दोन्हीवर चालणारं असेल तर सीए, शेवटी पी पॅसेंजर, जी गुड्स, एम दोन्ही कामांचं. डेक्कन क्वीनला वर्षानुवर्षं कल्याणचं डब्ल्यूसीएएम-३ लागायचं ते का, हे त्या चार अक्षरांतच लिहिलेलं होतं, कारण मुंबईच्या बाजूला तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होतं. बाराखडी शिकल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत सुटलेल्या पोरासारखं झालं होतं माझं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. २०१६ ला लातूरला पाणी नव्हतं आणि आमच्या मिरजेहून पाण्याची गाडी गेली ती आठवत असेल. पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर, ३४२ किलोमीटर. बातम्यांत पाणी आणि पुढारी दिसत होते आणि ग्रुपवर आमची चर्चा काय, तर हे टँकर आधी काय वाहायचे, ते धुतले कुठे (कोट्याला), आणि मिरजेत इतकं पाणी भरायला किती तास लागतील. बाहेरच्याला वाटेल काय निर्दयी माणसं आहेत ही. पण त्याच चर्चेत एका काकांनी सहज लिहिलं की बाबांनो, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही सगळी लाइन नॅरोगेज होती, ती ब्रॉडगेज झाली नसती तर हे टँकर कुर्डुवाडीच्या पलीकडे गेलेच नसते. गेज बदललं तेव्हा आम्ही सगळे गळे काढत होतो, छोटी गाडी गेली म्हणून, मी स्वतः शेवटच्या फेऱ्यांचे फोटो टाकून लांबलचक लिहिलं होतं. त्या दिवशी गपगुमान बसलो.

अकोल्याची_मीटरगेज
मी ग्रुपवर आले तेव्हा आम्ही तीनच बायका होतो, त्यातल्या दोघी काही लिहायच्याच नाहीत. मी काय शिकले तर "कशावरून?" हा शब्द. आमच्याकडे एक जुना फोटो होता, आजोबा मीटरगेजच्या गाडीसमोर उभे, कडेवर दोनेक वर्षाचं बाळ, आणि घरात सगळे सांगायचे की ते बाळ म्हणजे माझे बाबा, साल १९५५. मी तसंच लिहून टाकला ग्रुपवर. लाईक वगैरे आले बरेच, आणि मग एका रिटायर्ड गार्डकाकांची एक ओळ, "ताई, ५५ साल कशावरून? मागे वायडीएम-४ उभं आहे, हे डिझेल आपल्याकडे साठच्या दशकात आलं." मला इतका राग आला ना, म्हटलं हे कोण आमच्या घरचं सांगणारे. दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मग आत्याला फोन केला, तिने फोटो पाठवायला सांगितला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाली अगं हा तर धाकटा, हातातलं कडं बघ. म्हणजे ते बाळ बाबा नाहीतच, काका आहेत! बाबांचा फोटो म्हणून तो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला. आता खाली चिठ्ठी चिकटवलीय. बाबा अजून मान्य करत नाहीत ते सोडा.

त्याच गार्डकाकांनी मला अकोला-खंडवा लाइन बंद व्हायच्या आधी जाऊन ये म्हणून मागे लागून लागून पाठवलं. धूळघाटला ती लाइन स्वतःच्याच खालून जायची, आपण आत्ता ज्या पुलाखालून गेलो त्याच पुलावरून गोल फिरून वर जायचं. लहानपणापासून त्या गाडीने गेलेय मी, पण झोपूनच. त्या दिवशी जागी होते, दारात नाही, खिडकीत, आणि पूल दोनदा मोजला.

माजी_अल्कोवाला
सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. मी ग्रुप सोडला दोन वर्षांपूर्वी. अल्को भारी का ईएमडी भारी (दोन्ही डिझेल इंजिनांचेच प्रकार) यावरून घरच्यांना शिव्या देण्यापर्यंत मजल जाते तिथे, आणि एखादं ऑफलिंक इंजिन, म्हणजे त्या गाडीला नेहमी नसणारं, दिसलं की शाळा बुडवून पळणारी पोरं, फुल एमपीएसने, म्हणजे परवानगी असलेल्या कमाल वेगाने, गाडी चाललीय म्हणून दारातून अर्ध अंग बाहेर काढून व्हिडिओ, आणि खाली शंभर जण आग, आग, आग. माझा भाचा माझ्यामुळे या नादाला लागला, एकदा त्याचा असाच व्हिडिओ बघितला मी, सिग्नलचा खांब कॅमेऱ्याच्या किती जवळून गेला ते फ्रेम थांबवून बघितलं आणि पोटात गोळा आला. त्या व्हिडिओखाली मीच आदल्या दिवशी अंगठा दिलेला होता. तेव्हा मी काय शिकलो ते हे. भाच्याला घेऊन आता फलाटाच्या टोकाला उभा राहतो, पिवळ्या पट्टीच्या आत, त्याला ते बोअर होतं पण येतो.

एक मात्र कबूल, अल्कोचा तो धडधडता आवाज आणि काळा धूर कुठे एकत्र भेटला तर अजून मान वळते.

मिरजेचा_तीनगेजी
@माजी_अल्कोवाला बरोबर बोललात. आमच्याकडे आता दारातला व्हिडिओ दिसला की उडवतो, कुणीही टाकलेला असो. दोन जण रुसून गेले, जाऊ दे.

बार्शी_ते_मँचेस्टर
उशिरा लिहितोय, इकडे आत्ता दुपार. मी बार्शीचा, आमच्या बार्शी लाइट या नॅरोगेज गाडीवर सगळं गाव विनोद करायचं, चालत्या गाडीतून उतरून चिंचा पाडून परत चढता येतं वगैरे. इंग्लंडला आल्यावर एकटा पडलो आणि ग्रुपवर रोज काहीबाही वाचायला लागलो, तिथे समजलं की १८९७ ला बार्शी लाइट सुरू करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हाच माणूस नंतर इथल्या लीक अँड मॅनिफोल्ड नावाच्या छोट्या रेल्वेचा इंजिनिअर होता. तेच अडीच फुटी गेज. १९०४ ला चालू, १९३४ ला बंद. माझ्या घरापासून गाडीने फार तर तासदीड तास! रुळ काढून तिथे आता चालायची आणि सायकलची वाट केलीय. गेलो एका रविवारी. नदीकाठाने वाट जाते, एक बोगदा आहे त्यातून आता मोटारी जातात. तिथल्या इंजिनांचे जुने फोटो पाहिलेत, पुढे हे एवढे मोठे दिवे, हिंदुस्थानी इंजिनांसारखे. इंग्लंडच्या दरीत तो दिवा कशाला पाहिजे होता कुणास ठाऊक, पण तो बघून मला बार्शीचं स्टेशन आठवलं.

वाटेत एक इंग्रज आजोबा बाकावर बसले होते, त्यांना मी सांगितलं की ही तुमची गाडी आमच्या गावच्या गाडीची धाकटी बहीण. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग फोनवर बार्शीचे फोटो दाखवले, पाऊण तास गेला, सँडविच अर्धं त्यांनी दिलं. आठ महिन्यांत कुणाशी एवढं बोललो नव्हतो मी. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, त्या गाडीसाठी एवढ्या लांब गेलास होय, इथे होती तेव्हा एसटीने जायचास.

घाटातला_बँकर
अरे वा, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. बार्शीवाले दादा, तुमच्या आईंचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं, मोठ्यांदा हसली. गार्डकाकांचा किस्सापण सांगितला, तर उठून आमच्या कपाटातले जुने फोटो काढून बसलीय आणि मला विचारतेय हे मागचं इंजिन कोणतं. फोटोत इंजिन नाहीच, पाण्याची टाकी आहे. तेवढंच सांगितलं.

काल लोणावळ्याहून येताना तिने अजून एक विचारलं, रुळाकडेला पिवळ्या पाट्यांवर "सी/फा" लिहिलेलं असतं ते काय. सीटी वाजवा, पुढे फाटक आहे. इतकी वर्षं तिला ते कुणाच्या तरी नावाचं आद्याक्षर वाटत होतं.

@माजी_अल्कोवाला, रविवारी सकाळी मी कर्जतला असणारे, भाच्याला घेऊन या, बँकर लागताना दाखवू. शेवटच्या डब्याच्या बाजूला, आणि हो, पट्टीच्या आतच.