ताज्या-लाकडी स्पोर्ट परफ्यूमची पारख कशी करायची?

प्रश्न:
पुरुषांसाठीचं, ताज्या आणि लाकडी वासाचं स्पोर्ट परफ्यूम निवडायचंय. कागदी पट्टीवर सगळीच छान वाटतात, पण दोन तासांनी अंगावर कोरडा, नाकात टोचणारा वास उरतो. तो कशाचा? घेण्याआधी तपासायचं कसं?

प्रतिसाद १:
पट्टीवर आवडते ती फक्त सुरुवात. बर्गमोट (लिंबाच्या जातीचं सुगंधी फळ), लिंबू, ग्रेपफ्रूट यांचे रेणू हलके असतात, १५-२० मिनिटांत बरेचसे उडून जातात. म्हणून निकाल चौथ्या तासाला द्या, त्याआधी नाही. मनगटाच्या आत १५ सेंमीवरून एकच फवारा मारा आणि चोळू नका. घर्षणाच्या उबेने वरचा वास आणखी लवकर उडतो. अल्कोहोल जाईपर्यंत अर्धा मिनिट नाक लांब ठेवा. मग ५ मिनिटांनी, अर्ध्या तासाने, २ आणि ४ तासांनी हुंगा, दर वेळी दोन शब्द लिहून ठेवा. एका दिवशी दोनच परफ्यूम, एकेका हातावर एक.

प्रतिसाद २:
तो टोचणारा वास बहुधा नॉरलिम्बॅनॉल किंवा कारानालसारख्या अंबर-वूडी (उबदार, कोरड्या लाकडी वासाच्या) कृत्रिम द्रव्यांचा. ती कणभर जास्त पडली तरी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या लाकडासारखी लागतात. ताजे घटक टिकत नाहीत, म्हणून टिकण्याचा सगळा भार यांच्यावर टाकला जातो. खरा कस मधल्या सांध्याचा. लव्हेंडर, आलं, वेलची किंवा डायहायड्रोमिर्सेनॉल (लिंबू-लव्हेंडरचा, किंचित धातूसारखा गारवा; १९८८ च्या कूल वॉटर या परफ्यूममध्ये तो ठळक आहे) लिंबाला लाकडाशी जोडतात. हा सांधा कच्चा असेल तर अर्ध्या तासाला वास एकदम पडतो. तळात, म्हणजे शेवटी उरणाऱ्या वासात, पेन्सिल तासल्यासारखा सिडार, वाळ्याच्या मुळांचा मातकट, थोडा धुरकट वास वेगळा ओळखू आला, तर माल चांगला समजा.

प्रतिसाद ३:
'वास गेला' असं इतक्यात ठरवू नका. आयसो ई सुपर आणि अंब्रॉक्सन या लाकडी-अंबर वासाच्या कृत्रिम द्रव्यांना नाक पटकन सरावतं, काहींना तर ते जेमतेमच जाणवतात. हातभर अंतरावरून दुसऱ्या कुणाला तरी विचारा. नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगू नका, काही न लावलेल्या कोपराच्या खळगीत नाक घाला. आणि स्पोर्ट म्हटलंय तर १५ मिनिटं भरभर चालून, घाम आल्यावर हुंगाच! गरम अंगावर तळ फुगतो, दोष तिथेच उघडा पडतो.

प्रश्नकर्ता:
शर्टवर मारून बघितलं तर?

प्रतिसाद १:
कापडावर लिंबू जास्त वेळ टिकतो, त्यामुळे चुकीचा अंदाज येतो. पारख त्वचेवरच करा. शर्टवर मारायचंच तर गडद रंगाच्या; फिक्या कापडावर डाग राहू शकतो.