झूमवर म्हटलेली रोझरी ‘धरली’ जाते का?

वाडीकर: ऑक्टोबरात वाडीतली रोझरी (मरियेची जपमाळ) रोज रात्री ८ ला एकेका घरी फिरते. यंदा कुवेत आणि टोरांटोची घरं झूमवर जोडायची आहेत, शिवाय अंथरुणाला खिळलेल्या दोन आज्या. भक्ती म्हणून हे धरलं जातं का? सगळे एकदम ‘पवित्र मरिये’ म्हणतात तेव्हा नुसता गलका होतो, त्याला काय करायचं? आणि आज्या रविवारची मिस्साही (चर्चमधली मुख्य उपासना) यूट्यूबवर बघतात, ती चालते का?

मेणबत्ती: रोझरी आणि मिस्सा एकाच मापाने मोजू नका. रोझरीला लागतं तुमचं तोंड आणि रहस्यांवरचं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांवरचं, मनन. ते कुवेतमध्येही तेवढंच लागतं. मात्र रेकॉर्डिंग लावून भाजी चिरत बसलात, तर ती रोझरी यूट्यूबने म्हटली.

संस्कारांचं, म्हणजे चर्चच्या पवित्र विधींचं, तसं नाही. इंटरनेटवर संस्कार नसतात, हे व्हॅटिकनने २००२ सालीच लिहून ठेवलंय. म्हणून फोनवर कुमसार (पापांची कबुली) नाही आणि धडधाकट माणसाची रविवारची मिस्सा पडद्यावर भरत नाही. आजाऱ्यांवर मुळात ते बंधनच नाही. आज्यांनी खुशाल बघावी, पण लाइव्ह. आणि कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी आत्मिक कम्युनियनची, म्हणजे येशूला मनानेच स्वीकारण्याची, प्रार्थना म्हणावी. तेवढ्यावर भागवू नका, फादरांकडे नावं द्या म्हणजे कम्युनियन घरी येईल. (संत क्लारा १९५८ पासून टीव्हीची आश्रयदाती आहे. आजारी असताना तिला खोलीतच मिस्सा दिसली, असं सांगतात. आज्यांना ही गोष्ट आवडेल.)

साउंडवाला: गलका होतो कारण आवाज पोचायला प्रत्येक घराला वेगळा उशीर लागतो आणि झूम मोठा आवाज पुढे करून बाकीचे दाबतं. एकसुरात म्हणायचा नादच सोडा. पुढाकार घेणाऱ्याने ‘नमो मरिये’ म्हणायचं, त्या दशकाचं (दहा ‘नमो मरिये’चा गट) उत्तर एकाच घराने द्यायचं. ५ दशकं, ५ घरं. बाकीचे म्यूट, पण घरात मोठ्यानेच म्हणायचं. उत्तर संपल्यावर एक श्वास थांबा, नाहीतर पुढची ‘नमो’ आधीच्या ‘आमेन’वर चढते.

गीताला हार्मोनियम असेल तर वाजवणाऱ्याच्या झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर झूम तिला पंख्याची घरघर समजून कापतं. एकाच खोलीत दोन फोन नकोत, शिट्टी वाजते. फुकट खात्याला ४० मिनिटांची मर्यादा आहे. गीतं वाढली की नेमकी लितानीत (मरियेच्या संबोधनांच्या प्रार्थनेत) लिंक तुटते. गीतं दोनच ठेवा.

वेळेचं म्हणाल तर आपले रात्रीचे ८ म्हणजे कुवेतला संध्याकाळी ५:३०, टोरांटोला सकाळी १०:३०. टोरांटोची माणसं कामावर असणार, त्यांची दशकं शनिवार-रविवारी लावा.

जुनी_पुस्तिका: लितानीचं आधी बघा. जून २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्यात तीन नवी संबोधनं घातली: दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचं सांत्वन. जुन्या छापील पुस्तिकांत ती नाहीत. एका घरात नवी प्रत, दुसऱ्यात जुनी असली की उत्तरं एका ओळीने घसरतात आणि सगळे नेटवर्कला शिव्या घालतात. एकाच पानाचा फोटो ग्रुपवर टाका. तिसरं संबोधन ‘पाप्यांचा आश्रय’ याच्या लगेच पुढे येतं. ते कुवेतवाल्यांना म्हणू द्या.