मदत हवी आहे: गोळाभाताची कृती मैत्रिणींना पाठवली, पण एकीचेही गोळे जमले नाहीत

कौलारू (मंगळवार, रात्री ८.१०)
नमस्कार. डी.एड.च्या वेळी वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलेल्या आम्ही चौघी मैत्रिणी आता चार ठिकाणी आहोत. दर महिन्याला एकीने आपल्या घरचा सोपा पदार्थ लिहून पाठवायचा आणि बाकीच्या तिघींनी तो करून त्याचे छायाचित्र टाकायचे, असा आमचा वर्षभराचा नेम आहे. या महिन्यात माझी पाळी होती. मी गोळाभात पाठवला, कारण आमच्या घरी याहून सोपे काही नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतावरून यायला उशीर झाला की आई हाच भात मांडते आणि मग वेगळी भाजी करावी लागत नाही. तिघींनीही तो केला आणि तिघींचाही बिघडला. एकीचे गोळे भातात विरघळून त्याचे पिठले झाले, दुसरीचे गोळे दाताखाली करकरतात, आणि तिसरी म्हणते की भात आंबट व तपकिरी झाला. गोळाभात आंबट कसा होऊ शकतो, हे मला समजत नाही. पुण्याची मैत्रीण येत्या रविवारी सासरच्या मंडळींना हाच भात वाढणार आहे, म्हणून मला उत्तर लवकर हवे आहे. कृती अगदी नेहमीचीच दिली होती. नेमके काय चुकले असावे? गोळाभाताचा इतिहास कृपया कोणी सांगू नये.

चिन्नोर (रात्री ८.३४)
तांदूळ कोणता घेतला, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा दोष तिथेच आहे. नवा तांदूळ घेतला असेल तर भात चिकट होतो आणि गोळ्यांना त्यात सुटे बसायला जागाच राहत नाही. किमान वर्षभर जुना एचएमटी किंवा चिन्नोर घ्यावा. एचएमटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी वेगळे जपले आणि त्यातून हे वाण निघाले. त्या काळी गाजलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले.

कौलारू (रात्री ८.४१)
दादा, दादाजींचे गाव आमच्यापासून लांब नाही आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे, परंतु मी इतिहास नको असे लिहिले होते. तांदूळ प्रत्येकीने आपापल्या घरचा घेतला असणार. तेवढ्याने भात आंबट होतो काय?

पूर्णाकाठ (रात्री ८.५५)
ताई, आपण पाहुण्यांसाठी गोळाभात सुचवलाच कशाला? त्यापेक्षा रोडगे सांगा. कणकेचे गोळे, आत थरांना तेल, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वांग्याची रसरशीत भाजी व वरणाबरोबर कुस्करून खायचे. यात बिघडण्यासारखे काहीच नाही. आमच्या अकोल्याकडे शेतातल्या पंगतीला दुसरे काही चालत नाही. गोळाभात तसा मूळचा आम्हा वऱ्हाडातल्यांचाच आहे, पण तो घरच्यांसाठी करण्याचा पदार्थ आहे.

चिन्नोर (रात्री ९.०२)
ज्यांच्या शेतात ज्वारी, कापूस आणि सोयाबीन पिकते, त्यांनी भाताच्या पदार्थावर मालकी सांगावी, हे नवलच म्हणायचे. धान वैनगंगेच्या खोऱ्यात पिकतो.

पूर्णाकाठ (रात्री ९.०९)
धान तुमचा असेल, पण गोळा चण्याच्या डाळीचा असतो आणि चणा आमच्याकडे भरपूर पिकतो. पदार्थाच्या नावात आधी गोळा आहे, भात नंतर आहे, एवढे लक्षात घ्यावे.

तिखटजाळ (रात्री ९.१५)
गोळे करकरीत राहिले याचा अर्थ सोडा घातला नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, गोळे कापसासारखे होतील. मी दर वेळी घालते.

निवृत्त गुरुजी (रात्री ९.२८)
सोडा घातलेला गोळा भातात हमखास फुटतो, कारण तो फुगतो आणि त्याची वीण सैल पडते. हलकेपणा मोहनाने येतो. एक वाटी भरड्याला दोन चमचे तेल चांगले तापवून घालावे, ते भरड्याला हातांनी चोळावे आणि मुठीत दाबल्यावर मूठ बांधली गेली की मोहन पुरेसे झाले, असे समजावे. आता मूळ प्रश्नाकडे वळू. ताई, आपण "नेहमीची कृती" असे म्हणता, परंतु आपले नेहमीचे आम्हाला ठाऊक नाही आणि बहुधा आपल्या मैत्रिणींनाही नसावे. आपण त्यांना पाठवलेला मजकूर जसाच्या तसा इथे द्यावा.

तिखटजाळ (रात्री ९.३३)
गुरुजी, मी गेली अनेक वर्षे सोडा घालते आहे आणि माझा एकही गोळा फुटलेला नाही. आपण घालून पाहिला आहे का?

कौलारू (रात्री ९.५०)
उशिराबद्दल क्षमा असावी, आमच्या घरात रेंज नाही, त्यासाठी गच्चीवर यावे लागते. मजकूर असा होता:

"दोन वाट्या तांदूळ धुऊन नेहमीप्रमाणे मांडावा. एक वाटी भरडा घ्यावा. त्यात तिखट, मीठ, हळद, ओवा, थोडा सांबार आणि फल्लीच्या तेलाचे मोहन घालून भिजवावा. गोळे करून भात होत आला की वर ठेवावेत आणि वाफ येऊ द्यावी. झाले!"

यात चुकण्यासारखे काय आहे, ते सांगा.

सिंहगड रस्ता (रात्री ९.५८)
मी पुण्याचा आहे आणि नोकरीनिमित्त दोन वर्षे चंद्रपुरात होतो, त्यामुळे मला हसू आवरत नाही. ताई, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे सांबार म्हणजे इडलीबरोबर वाटीत येते ते. चंद्रपूरच्या भाजीबाजारात पहिल्या आठवड्यात एका बाईंनी मला "सांबार देऊ का?" असे विचारले, तेव्हा मी डबा आणलेला नाही असे उत्तर दिले होते. आपली तिसरी मैत्रीण कुठली आहे?

कौलारू (रात्री १०.०४)
चिपळूणची. थांबा, तिला फोन करते.

कौलारू (रात्री १०.२२)
तिने आदल्या दिवशीचे उरलेले सांबार एक पळीभर भरड्यात घातले. चिंचेचे होते. तिला ते विचित्र वाटले होते, पण तुमच्या विदर्भाकडे असेच करत असतील, असे समजून तिने मला विचारले नाही. फल्लीचे तेल म्हणजे शेंगदाण्याचे तेल, हे तिने विचारले होते आणि मी सांगितलेही होते. सांबाराचा तिला प्रश्नच पडला नाही, कारण तो शब्द तिच्या ओळखीचा होता.

पूर्णाकाठ (रात्री १०.३०)
कोहळ्याचेही तसेच आहे. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळे म्हणतात. माझ्या पुण्यातल्या मेहुण्याने बाजारातून पेठ्याचा पांढरा कोहळा आणला आणि बहिणीने त्याची भाजी करावी अशी त्याची अपेक्षा होती.

निवृत्त गुरुजी (रात्री १०.३८)
भाजीबाजाराचा विषय नंतर घेऊ. आंबट भाताचा उलगडा झाला. उरलेल्या दोघींना प्रत्येकी एकच प्रश्न विचारावा: भरडा म्हणून नेमके काय घेतले आणि कुठून आणले?

जाते (बुधवार, सकाळी ६.४०)
भरडा विकत आणण्यापेक्षा घरीच करावा. चण्याची डाळ दोन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि चक्कीवाल्याला जाड दळायला सांगावे, म्हणजे ती बारीक रव्यासारखी निघते. माझ्या सासूबाई अजूनही जात्यावर भरडतात आणि त्या भरड्याचे कण लहानमोठे राहिल्याने गोळ्याला वेगळीच चव येते. भरड्याला पोरकिडे लागू नयेत म्हणून डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, डबा पूर्ण कोरडा असावा आणि पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढाच भरडा करावा.

कौलारू (सकाळी ७.१५)
पोरकिड्यांची अडचण कोणालाच आलेली नाही, तरीही धन्यवाद. गुरुजी, दोघींनाही विचारले. पुण्याच्या मैत्रिणीला भरडा मिळाला नाही, म्हणून तिने बेसन घेतले आणि सगळे एकदमच कुकरमध्ये घालून तीन शिट्या केल्या. सोलापूरची मैत्रीण म्हणते की तिने भरडाच आणला होता. घराजवळच्या दुकानात भरडा मागितला, तर दुकानदाराने "किती जनावरे आहेत?" असे विचारले. तिला तो विनोद वाटला आणि तिने एक किलो आणला.

सिंहगड रस्ता (सकाळी ७.२१)
मक्याचा भरडा!

कौलारू (सकाळी ७.२४)
होय. पिवळाच असल्यामुळे तिला शंका आली नाही. पिशवीवर गाईचे चित्र होते, हे तिने आत्ता फोनवर सांगितले.

तिखटजाळ (सकाळी ७.४०)
म्हणजे करकरीतपणाला सोडा न घालणे कारणीभूत नव्हते, हे मी मान्य करते. परंतु चण्याच्या भरड्यात सोडा घालण्यास माझी हरकत नाही, एवढे नोंदवून ठेवते.

निवृत्त गुरुजी (सकाळी ८.०५)
आता पुण्याच्या भातापुरते बोलू, कारण रविवार तिथला आहे. बेसन अतिशय बारीक असते. ते सैल भिजवले तर उकळत्या पाण्यात सुटते आणि घट्ट मळले तर गोळा आत कच्चा व चिवट राहतो. भरड्याच्या कणांमध्ये जागा असते, तिच्यातून वाफ आत शिरते आणि गोळा आतपर्यंत शिजतो. दुसरे असे की कुकरमध्ये सुरुवातीपासून घातलेले गोळे खळखळणाऱ्या पाण्यात आपटत राहतात. पुण्यात चण्याची डाळ तर मिळतेच. ती कोरडीच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावी आणि चाळणीने खालचे बारीक पीठ काढून टाकावे, म्हणजे वर उरेल तो आपला भरडा.

मोहन चोळल्यावर पाण्याचा हबका मारत भिजवावे आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. ही पंधरा मिनिटे आपल्या मजकुरात नाहीत आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव तीच आहे, कारण भरडा पाणी सावकाश पितो. त्यानंतर लिंबाएवढे गोळे करावेत. भात पातेल्यात करावा. दोन वाट्या जुन्या तांदळाला साधारण पाच वाट्या पाणी लागेल, कारण गोळेही थोडे पाणी ओढतात. पाणी आटून भाताच्या पातळीला आले आणि वर बारीक भोके दिसू लागली, की गोळे अलगद भातात अर्धे रुतवावेत, घट्ट झाकण ठेवावे आणि आच अगदी मंद करून पंधरा ते वीस मिनिटे वाफ द्यावी. त्या वेळात भात ढवळू नये. एक गोळा फोडून पाहावा. मधला भाग ओला, पिठूळ दिसला तर आणखी पाच मिनिटे ठेवावे.

चिन्नोर (सकाळी ८.२०)
गुरुजींनी "जुन्या तांदळाला" असे लिहिले आहे, ते सर्वांनी पाहावे. मी पहिल्याच प्रतिसादात हेच सांगितले होते.

पातेले_की_कुकर (सकाळी ९.०२)
नोकरी करणाऱ्या माणसाला पातेल्याजवळ उभे राहायला वेळ नसतो. मी भात कुकरमध्ये एका शिट्टीत करते, गोळे वरच्या डब्यात कोरडेच उकडून घेते आणि वाढताना भातात मिसळते. गोळे कधीही फुटत नाहीत.

पूर्णाकाठ (सकाळी ९.१५)
याला गोळे आणि भात म्हणता येईल, गोळाभात म्हणता येणार नाही. गोळ्यातले तिखट आणि ओवा भाताला लागला नाही, तर एवढा खटाटोप कशासाठी करायचा? या एका बाबतीत चिन्नोर यांचेही माझ्यासारखेच मत असेल.

चिन्नोर (सकाळी ९.१८)
आहे.

वडाभात (सकाळी १०.४५)
सगळा धागा वाचला नाही. गोळे तळून घ्या, कधीच फुटणार नाहीत. मिश्र डाळी रात्री भिजवून जाडसर वाटाव्यात आणि वडे लालसर तळावेत.

जाते (सकाळी १०.५१)
तो वडाभात झाला. आपले नावच सांगते आहे.

कौलारू (रविवार, सायंकाळी ५.३०)
सर्वांना मनापासून धन्यवाद. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे मी मजकूर पुन्हा लिहिला. सांबार काढून कोथिंबीर लिहिली, भरड्यापुढे "चण्याच्या डाळीचा, माणसांनी खाण्याचा" असे लिहिले, आणि वाटीचेही माप दिले, कारण आमच्या घरची वाटी म्हणजे आजीची पितळी वाटी आहे आणि तिच्यात पाव किलोच्या आसपास तांदूळ बसतो, हे मी काल प्रथमच मोजून पाहिले. सोलापूरच्या मैत्रिणीने मक्याचा उरलेला भरडा शेजारच्या गोठ्यात देऊन टाकला. पुण्याच्या मैत्रिणीने आज दुपारी भात केला आणि झाकण काढताच छायाचित्र पाठवले: चौदा गोळे, सगळे शाबूत, एकाला फक्त चीर गेली आहे.

तरीही तिच्या सासऱ्यांनी भात चांगला आहे पण घशाखाली उतरत नाही, असे सांगितले. मी विचारले की वरून तेल किती घातले होते, तर ती म्हणाली, कोणते तेल? वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि त्यावर लसूण व लाल मिरचीच्या फोडणीचे गरम तेल घालायचे, सोबत कढी किंवा चिंचेचे सार घ्यायचे, हे मी दोन्ही वेळा लिहिलेच नव्हते. तेलाशिवाय कोणी गोळाभात खात असेल, असे माझ्या मनातही आले नाही. आता तेवढा भाग लिहायला बसले आहे, म्हणून शेवटचा प्रश्न विचारते: या फोडणीत लसूण ठेचून घालावा की चिरून? कृपया आपसांत ठरवून मला एकच उत्तर द्यावे.

तिखटजाळ (सायंकाळी ५.३८)
ठेचून.

निवृत्त गुरुजी (सायंकाळी ५.४१)
चिरून. ठेचलेला लसूण लवकर करपतो आणि तेल कडवट होते.

पूर्णाकाठ (सायंकाळी ५.४४)
अख्ख्या पाकळ्या, सालीसकट.